कोऱ्या जागेचा हिशेब
(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला कोऱ्या जागेपासून सावध राहायला पहिल्या वर्षापासूनच शिकवले जाते. धनादेशावर अक्षरी रक्कम लिहिली की पुढे 'फक्त' लिहावयाचे आणि उरलेल्या जागेवर आडवी रेघ ओढावयाची. आकडी रकमेपुढेही तिरकी रेघ देऊन जागा बंद करावयाची. कारण उघड आहे. कोऱ्या जागेत काही नसते, म्हणून तेथे दुसरा कोणी काहीतरी भरू शकतो.

संगणकात नेमका याच्या उलट प्रकार आहे. तेथे कोऱ्या जागेत काहीतरी असते, पण ते आपल्याला दिसत नाही. प्रस्तुत लेखात मला याच न दिसणाऱ्या वस्तूविषयी लिहावयाचे आहे. नावाच्या किंवा खाते क्रमांकाच्या मागेपुढे राहून गेलेली कोरी जागा 'सी' या भाषेत कशी काढतात, आणि एवढेसे काम वाटते तितके सोपे का नाही, हा आजचा विषय. वाणिज्याच्या विद्यार्थिनीने सी भाषेवर लिहावे हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण मी सायंकाळच्या वर्गात ही भाषा शिकू लागले तेव्हा माझ्या लक्षात आले, की सीमध्ये अर्धे काम हिशेबनिसाचेच असते. कोणती वस्तू कोणाची, ती कोठे संपते, आणि ती परत करताना मूळ पावती कोठे आहे, हेच तेथेही पाहावे लागते.

आधी हे सांगितले पाहिजे, की यात बिघडते काय. समजा, एका पतसंस्थेच्या सभासद यादीत 'नीळकंठ' असे नाव आहे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कारकुनाने तेच नाव टंकले आणि शेवटी सवयीने स्पेसबारवर अंगठा टेकवला. माणसाच्या डोळ्याला दोन्ही नावे एकच. यंत्राच्या लेखी मात्र ती दोन भिन्न नावे आहेत. एकाच्या नावावर कर्ज आहे, आणि भरलेला हप्ता दुसऱ्याच्या नावावर जमा आहे. वर्षअखेरीस जमा-खर्चाचा ताळा जुळतो, कारण एकही रुपया हरवलेला नाही. तरी थकबाकीदारांच्या यादीत नीळकंठाचे नाव छापून येते. चूक शोधायला बसलेला मनुष्य दोन्ही नावे शंभर वेळा वाचील आणि त्याला फरक दिसणार नाही.

यंत्राच्या लेखी कोरी जागा

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक संकेतांक दिलेला असतो. साध्या कोऱ्या जागेचा संकेतांक ३२. टॅबचा ९, ओळ संपल्याच्या खुणेचा १०, उभ्या टॅबचा ११, पान बदलण्याच्या खुणेचा १२ आणि ओळीच्या आरंभी परतण्याच्या खुणेचा १३. या सहांना मिळून सीमध्ये 'व्हाइटस्पेस' म्हणतात. मी त्यांना सोयीसाठी 'कोरी जागा' म्हणेन.

ही पाहुणे मंडळी येतात कोठून? काही टंकणाऱ्याच्या सवयीतून येतात. काही खुद्द सीच आणते. 'एफगेट्स' या फंक्शनने एक ओळ वाचली की ओळीच्या शेवटची १० ही खूणही वाचलेल्या मजकुरात राहते. विंडोजवर तयार झालेल्या फायलीत बहुधा प्रत्येक ओळीच्या शेवटी १३ आणि १० अशी जोडी असते. तीच फाइल लिनक्सवर वाचली तर कोणी १० काढून टाकतो, आणि १३ तसाच चिकटून राहतो.

शिवाय जुन्या हिशेबी पद्धतीचा वारसा आहेच. १९५९-६० च्या सुमारास जन्मलेली 'कोबोल' ही व्यापारी कामाची भाषा नावासाठी ठरावीक घरे राखून ठेवते. वीस घरे राखली आणि नाव सहा अक्षरांचे असले, तर उरलेली चौदा घरे कोऱ्या जागांनी भरली जातात. कोबोलमध्ये याचा त्रास होत नाही. दोन नावांची तुलना करताना लहान नावापुढे कोऱ्या जागा आहेत असे ती भाषा स्वतःच धरून चालते. सी असे काही धरून चालत नाही. तिच्या 'स्ट्रकंप' या तुलना करणाऱ्या फंक्शनला एक ३२ जास्त दिसला की नावे वेगळी. म्हणून कोबोलच्या वळणाच्या फायली सीमध्ये वाचताना शेपटे कापणे भाग पडते.

सीमध्ये स्ट्रिंग म्हणजे काय?

डेनिस रिची यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७२ च्या सुमारास सी भाषा घडवली. तिच्यात 'स्ट्रिंग' नावाचा स्वतंत्र पदार्थच नाही. आहे ती एकापुढे एक मांडलेल्या घरांची रांग. प्रत्येक घरात एक बाइट, म्हणजे एक छोटा आकडा. जेथे शून्य हा आकडा येतो तेथे स्ट्रिंग संपली असे समजावयाचे. हे शून्य म्हणजे '०' हे छापील अंकचिन्ह नव्हे. त्या चिन्हाचा संकेतांक ४८ आहे. येथे खरेखुरे शून्य अभिप्रेत आहे.

खतावणीत बेरजेखाली आपण दुहेरी रेघ ओढतो. तिच्याखाली चुकून काही लिहिलेले असले तरी ते त्या खात्यात धरले जात नाही. सीमधले शून्य म्हणजे अशीच दुहेरी रेघ होय.

इंग्रजी अंकांत लिहिलेला ४२७ हा खाते क्रमांक घेऊ. त्याच्यापुढे दोन कोऱ्या जागा, मागे एक कोरी जागा आणि ओळ संपल्याची खूण आहे. मेमरीत ही घरे अशी दिसतील:

घर ० : ३२
घर १ : ३२
घर २ : ५२ (चार)
घर ३ : ५० (दोन)
घर ४ : ५५ (सात)
घर ५ : ३२
घर ६ : १०
घर ७ : ० (दुहेरी रेघ)

घरांची मोजणी शून्यापासून होते हे ध्यानात ठेवावे. स्ट्रिंगची लांबी कोठेही लिहून ठेवलेली नसते. 'स्ट्रलेन' हे फंक्शन पहिल्या घरापासून चालत जाऊन शून्य सापडेपर्यंत घरे मोजते आणि ७ असे उत्तर देते. आपल्याला हवे आहेत ते मधले तीनच आकडे.

शेपूट कापणे

मागची कोरी जागा काढणे हे सर्वांत स्वस्त काम आहे. शेवटच्या घरापासून मागे चालत यावे. घरात कोरी जागा असेल तर आणखी एक पाऊल मागे. कोरी नसलेले पहिले घर सापडले की त्याच्या लगेच पुढच्या घरात शून्य ठेवावे. आपल्या उदाहरणात घर ६ कोरे, घर ५ कोरे, घर ४ मध्ये सात आहे. म्हणून घर ५ मध्ये शून्य. काम संपले.

येथे काहीही पुसलेले नाही. घर ६ मधला १० अजून तेथेच आहे. आपण फक्त दुहेरी रेघ दोन घरे वर ओढली. ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांच्या सी भाषेवरील प्रसिद्ध पुस्तकाच्या १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'ट्रिम' नावाचे छोटे फंक्शन आहे. तेही मागच्या कोऱ्या जागा, टॅब आणि ओळीच्या खुणा याच रीतीने काढते.

त्या फंक्शनमधला एक बारकावा मात्र विद्यार्थ्याने जपला पाहिजे. मागे चालताना घराचा क्रमांक ज्या चलात ठेवतो, ते चल ऋण संख्या धरू शकणारे असावे लागते. 'क्रमांक शून्य किंवा शून्याहून मोठा असेपर्यंत मागे चाल' अशी अट घातली आणि स्ट्रिंग सगळी कोरी निघाली, तर क्रमांक उणे एक होतो आणि अट मोडते. फेरा थांबतो. पण स्ट्रलेन जे उत्तर देते त्याचा प्रकार ऋण संख्या न मानणारा आहे. तोच प्रकार चलाला दिला, तर शून्यातून एक वजा केल्यावर उणे एक मिळत नाही. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ ही संख्या मिळते. ती शून्याहून मोठी आहेच! अट कधीच मोडत नाही, आणि कार्यक्रम आपल्या मालकीच्या नसलेल्या मेमरीत भटकायला निघतो.

यावर सुटसुटीत उपाय असा. शेवटच्या अक्षराचा क्रमांक धरण्याऐवजी त्याच्या पुढच्या घराचा क्रमांक धरावा. त्याला 'सीमा' म्हणू. 'सीमा आरंभापेक्षा मोठी आहे आणि सीमेच्या मागच्या घरात कोरी जागा आहे, तोवर सीमा एकाने कमी कर,' अशी अट लिहिली की उणे होण्याची वेळच येत नाही.

पुढची कोरी जागा

मागून कापणे आणि पुढून कापणे यांत मोठा भेद आहे. मागे शून्य सरकवता येते, पण स्ट्रिंगचा आरंभ दाखवणारी खूण स्ट्रिंगच्या आत नसते. ती बाहेर असते, आणि तिला पॉइंटर म्हणतात. पॉइंटर म्हणजे घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. म्हणून पुढची जागा काढण्याचे दोन मार्ग होतात.

पहिला मार्ग, नवी चिठ्ठी लिहिणे. घर ० व १ कोरी आहेत, तर चिठ्ठीवर घर २ चा पत्ता लिहावा. एकही अक्षर हलवावे लागत नाही. दुसरा मार्ग, चिठ्ठी तीच ठेवून अक्षरे पुढे सरकवणे. घर २ पासूनची चार घरे, म्हणजे तीन अक्षरे आणि शेवटचे शून्य, उचलून घर ० पासून मांडावयाची. शून्य न्यायला विसरले तर दुहेरी रेघ जुन्याच ठिकाणी राहते आणि आकड्यांची शेवटची काही घरे दोनदा वाचली जातात.

सरकवताना उचलण्याची घरे आणि मांडण्याची घरे एकमेकांत शिरतात. अशा वेळी 'मेमकॉपी' किंवा 'स्ट्रकॉपी' वापरणे सीच्या नियमांत बसत नाही. निकालाची हमी कोणी देत नाही. त्यासाठी 'मेममूव्ह' हे वेगळे फंक्शन आहे. मजकूर आधी बाजूला उतरवून मग जागेवर मांडल्यासारखा बिनचूक निकाल ते देते.

काही विद्यार्थी दर वेळी एक कोरी जागा काढून सगळी स्ट्रिंग एक घर सरकवतात, आणि पुढची जागा कोरी असेल तर पुन्हा तेच करतात. उत्तर बरोबर येते, पण हिशेब पाहा. १००० बाइटांच्या ओळीत पुढच्या १०० जागा कोऱ्या असतील, तर या रीतीने शून्यासह सुमारे ९५ हजार बाइट हलवावे लागतात. आधी कोऱ्या जागा मोजून एकदाच सरकवले तर ९०१ बाइटांत काम होते.

सगळीच जागा कोरी असेल तर

ओळीत नुसत्या कोऱ्या जागाच असतील, किंवा ओळ अगदी रिकामी असेल, तर काय? परीक्षकाचा आवडता प्रश्न हाच असतो. अशा ओळीत मागून चालायला लागलो तर थांबवणारे एकही अक्षर भेटत नाही, आणि आपण पहिल्या घराच्याही मागे जातो. ती जागा आपली नव्हे.

कामाचा क्रम नीट ठेवला तर ही अडचण उरत नाही. आधी पुढून चालावे. पुढून चालताना शेवटी शून्य भेटतेच, आणि शून्य ही कोरी जागा नव्हे, म्हणून पाऊल आपोआप थांबते. थांबलो ते शून्यावरच असेल, तर स्ट्रिंग पूर्ण कोरी आहे. रिकामी स्ट्रिंग परत द्यावी. थांबलो ते दुसऱ्या कशावर असेल, तर निदान एक तरी खरे अक्षर आहे अशी खात्री झाली, आणि मागून येणारी चाल त्याच्यापाशी थांबणारच. थोडक्यात रीत अशी:

१) आरंभापासून कोऱ्या जागा ओलांडत पुढे जा.
२) शून्य भेटले तर रिकामी स्ट्रिंग देऊन परत फिर.
३) येथून स्ट्रिंगची लांबी मोजून सीमा ठरव.
४) सीमेच्या मागचे घर कोरे असेपर्यंत सीमा मागे आण.
५) सीमेच्या घरात शून्य ठेव.
६) चिठ्ठी बदलावयाची नसेल तर मेममूव्हने अक्षरे आरंभाशी आण, शून्यासह.

मधल्या कोऱ्या जागांना हात लावावयाचा नाही. नाव व आडनाव यांमधली जागा मजकुराचाच भाग आहे. एक्सेलमधले ट्रिम मागचे-पुढचे काढतेच, शिवाय मधल्या अनेक जागांची एक करते. ते काम निराळे. दोहोंची गल्लत करू नये.

मेमरी कोणाची?

सीच्या प्रमाणित ग्रंथालयात ट्रिमसारखे फंक्शन आजही नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ताज्या प्रमाणग्रंथातही ते आलेले नाही. पायथन, जावा इत्यादी भाषांत ते तयार मिळते. सीमध्ये का नसावे? मला यामागे एक प्रश्न दिसतो, तो मालकीचा. कापलेली स्ट्रिंग ठेवावयाची कोठे, याला एकच उत्तर नाही.

जागच्या जागी कापावे म्हटले, तर स्ट्रिंग बदलता येण्याजोगी पाहिजे. कार्यक्रमात अवतरणचिन्हांत थेट लिहिलेली स्ट्रिंग बदलण्यास सी परवानगी देत नाही. पुष्कळ यंत्रांवर ती केवळ वाचण्याच्या मेमरीत असते, आणि तेथे शून्य लिहू पाहणारा कार्यक्रम तत्काळ कोसळतो. छापील पावतीपुस्तकातील मजकूर खोडण्यासारखेच ते आहे.

नवी चिठ्ठी लिहावी म्हटले, तर जुनी चिठ्ठी जपून ठेवली पाहिजे. मेमरी 'मॅलॉक'कडून मागून घेतली असेल, तर 'फ्री'ला परत देताना मूळ पत्ताच द्यावा लागतो. दोन घरे पुढचा पत्ता दिला तर चालत नाही. ठेव मोडताना बँक मूळ पावती मागते, तसेच हे. पत्ता हरवला तर मेमरी अडकून पडते. चुकीचा दिला तर हिशेबच कोलमडतो.

नवी प्रत काढावी म्हटले, तर मूळ मजकूर सुरक्षित राहतो, पण प्रतीसाठी जागा कोणी द्यावयाची आणि नंतर ती कोणी परत करावयाची हे ठरवावे लागते. जागा मागताना अक्षरांच्या संख्येत एक मिळवावयाचा, शून्यासाठी. चौथा एक मार्ग आहे: काहीही न बदलता फक्त 'आरंभ येथे, लांबी इतकी' अशी नोंद ठेवणे. नुसते वाचावयाचे असेल तेव्हा हा मार्ग सर्वांत निर्धोक.

यांपैकी कोणताही मार्ग चुकीचा नाही. मात्र फंक्शन लिहिणाऱ्याने आपण कोणता मार्ग घेतला हे वापरणाऱ्याला स्पष्ट सांगितले पाहिजे.

नीळकंठाचा ठ

आता आपल्या दोन लिप्यांपुरत्या प्रश्नाकडे वळू. येथवरचा सारा विचार रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवूनही करता येतो. पुस्तकेही बहुधा तशीच लिहिलेली असतात. आपल्या यादीत मात्र मराठी नावे देवनागरीत आणि कन्नड नावे कन्नडमध्ये असतात. आज ती बहुतेक ठिकाणी युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीने साठवली जातात. या पद्धतीत देवनागरी व कन्नड यांच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'नीळकंठ' या शब्दात न, दीर्घ वेलांटी, ळ, क, अनुस्वार आणि ठ अशी सहा चिन्हे आहेत. म्हणून स्ट्रलेन ६ न सांगता १८ सांगते.

एखादे घर कोरे आहे की नाही हे विचारण्यासाठी सीमध्ये 'इझस्पेस' हे फंक्शन आहे. त्याचा एक नियम आहे. त्याला द्यावयाचा आकडा ० ते २५५ मधला असावा, किंवा फाइल संपल्याची खूण असावी. दुसरे काही दिले तर काय होईल याची हमी नाही. आपल्या अक्षरांचे बाइट १२८ किंवा त्याहून मोठे असतात. आणि पुष्कळ यंत्रांवर सीचा साधा 'कॅर' हा प्रकार उणे १२८ ते १२७ एवढेच मानतो. त्यामुळे आपल्या अक्षराचा पहिला बाइट २२४, तो उणे ३२ होऊन इझस्पेसकडे जातो. नियम मोडला! रोमन मजकुरात ही अडचण कधीच दिसत नाही, कारण तेथे सारे संकेतांक १२७ च्या आत असतात. उपाय एका शब्दाचा आहे: विचारण्यापूर्वी तो बाइट 'अनसाइन्ड कॅर' करून घ्यावा.

एवढे केले तरी एक फट उरते. इझस्पेस कशाला कोरी जागा म्हणेल हे 'लोकेल'वर, म्हणजे कार्यक्रमाने स्वीकारलेल्या भाषिक व्यवस्थेवर, अवलंबून असते. कार्यक्रम सुरू होतो तेव्हा 'सी' नावाचे मूळ लोकेल असते आणि त्यात वर सांगितलेली सहाच चिन्हे कोरी मानली जातात. पण कार्यक्रमाने 'सेटलोकेल' करून दुसरे लोकेल घेतले, तर काही यंत्रणांवर १६० हा आकडाही कोरा ठरतो. पश्चिम युरोपीय संकेतावलीत १६० म्हणजे न तुटणारी कोरी जागा.

देवनागरी ठ चे तीन बाइट कोणते? २२४, १६४ आणि १६०. मागून चालणारे आपले फंक्शन 'नीळकंठ'च्या शेवटच्या घरी येते, १६० पाहते, कोरी जागा समजून कापते, आणि १६४ पाहून थांबते. उरतो तो अर्धवट ठ. पडद्यावर त्याच्या जागी चौकट किंवा प्रश्नचिन्ह दिसते. 'पाठ', 'मठ', 'पेठ', 'विद्यापीठ' या सर्वांवर हीच पाळी येईल. पुढच्या बाजूला असा धोका नाही, कारण आपल्या अक्षरांचा पहिला बाइट २२४ असतो.

आणि कन्नडमध्ये? भारतीय लिप्यांची युनिकोडमधली मांडणी 'इस्की' या भारतीय प्रमाणाच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली, म्हणून सर्व लिप्यांत वर्णांचा क्रम सारखा राहिला. कन्नड ठ चे बाइट २२४, १७८ आणि १६०. शेवटचा आकडा तोच! कन्नडमध्येही नीलकंठ हे नाव ठ नेच संपते. तेव्हा एकाच मनुष्याचे नाव दोन्ही याद्यांत, दोन्ही लिप्यांत, एकाच जागी तुटेल. याच अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांनीही हे ध्यानात घ्यावे.

उपाय सोपा आहे. इझस्पेसवर विसंबू नये. ३२, ९, १०, ११, १२ आणि १३ या सहा आकड्यांशी स्वतःच तुलना करणारे एक छोटे फंक्शन लिहावे. ते कधीच फसत नाही, कारण यूटीएफ-८ मध्ये अनेक बाइटांच्या अक्षराचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो. मराठी वा कन्नड अक्षराच्या पोटात ३२ किंवा १० हा आकडा येऊच शकत नाही.

कोऱ्या जागेची भावंडे

याचा अर्थ सारे न दिसणारे पदार्थ संपले असा नव्हे. दुसरीकडून चिकटवलेल्या मजकुरात न तुटणारी कोरी जागा येते. यूटीएफ-८ मध्ये तिचे बाइट १९४ आणि १६०. ती काढावयाची असेल तर दोन्ही बाइट मिळून तपासावे, एकटा १६० कधीच नाही. काही फायलींच्या अगदी आरंभी २३९, १८७, १९१ अशी तीन बाइटांची खूण असते. ती डोळ्याला दिसत नाही आणि यादीतले फक्त पहिलेच नाव जुळत नाही. अशी तक्रार आली तर प्रथम या खुणेचा संशय घ्यावा.

याउलट शून्य रुंदीचे जोडचिन्ह हे दिसत नसले तरी कोरी जागा नव्हे. मराठीतला अर्धा र लिहिताना आणि कन्नडमध्ये रकाराच्या जोडाक्षराचे रूप ठरवताना ते वापरले जाते. दिसत नाही म्हणून काढून टाकले तर शुद्धलेखन बदलते.

केव्हा काढू नये?

परवलीच्या शब्दाच्या मागची-पुढची जागा काढू नये. ती जागा वापरणाऱ्याने मुद्दाम ठेवली असेल. ठरावीक घरांच्या फायलीत ओळ वाचताच पुढून कापू नये. तेथे पाचव्या घरापासून नाव आणि पंचविसाव्या घरापासून रक्कम असा करार असतो. पुढच्या जागा काढल्या की रक्कम नावात शिरते. अशा ठिकाणी आधी रकाने वेगळे करावे आणि मग प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे साफ करावा.

फंक्शन लिहून झाले की पुढील मजकूर देऊन ते तपासावे: रिकामी स्ट्रिंग, नुसत्या कोऱ्या जागा, एकच अक्षर, मागेपुढे काहीही जादा नसलेले नाव, मध्ये दोन जागा असलेले नाव, शेवटी १३ व १० असलेली ओळ, आणि देवनागरी व कन्नड दोन्हींत नीळकंठ. शेवटचा नमुना पुस्तकात सहसा नसतो. तो आपणच घालावयाचा आहे.

बाहेरून आलेल्याने दाराशीच पाय धुवावेत अशी आपल्याकडे रीत आहे. मजकूर संगणकात शिरतो त्या दाराशीच त्याच्या मागेपुढे लागलेली धूळ झाडावी, एकदाच आणि काळजीने. खोलीखोलीत झाडत बसू नये. मात्र झाडताना पाहुण्याच्या पायाचे बोट जाणार नाही, हेही पाहावे. ज्यांच्या नावात ठ आहे, त्यांना आपले नाव पूर्ण छापून मिळण्याचा हक्क आहे. एका लिपीपुरते लिहिलेले कार्यक्रम त्याची काळजी घेतीलच असे नाही. दोन लिप्यांत रोज वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना तो दोष लवकर दिसतो, तेव्हा तो दुरुस्त करण्याची पहिली जबाबदारीही आपल्याकडेच येते.